ओव्हरीची गाठ: काढण्याची घाई करू नका

पोट फुगतं, दोन घासांत पोट भरतं, लघवीला सारखं जावं लागतं. पन्नाशीच्या बाईने हे सांगितलं की घरचं उत्तर ठरलेलं: गॅस झालाय, ओवा खा. असा त्रास नव्याने सुरू झाला असेल आणि महिन्यातून बारापेक्षा जास्त दिवस होत असेल, तर ओव्हरीची सोनोग्राफी करून घ्या. पॅप स्मिअर नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती तपासणी गर्भपिशवीच्या तोंडाची, ओव्हरीचं त्यात काही कळत नाही.

खरा घोळ रिपोर्ट हातात आल्यावर होतो. गाठ आहे, दुर्बिणीने काढू, दोन दिवसांत घरी. साध्या पाण्याच्या गाठीला हे ठीक. पण कॅन्सर एकाच ओव्हरीत, गाठीच्या आत बंद असेल आणि काढताना ती फुटली, तर स्टेज १ए (आजार ओव्हरीच्या आतच) ची १सी (पेशी पोटात सांडलेल्या) होते. जिला कदाचित केमो लागलीच नसती, तिला ती घ्यावी लागते. सुई घालून गाठीतलं पाणी काढणं त्याच कारणासाठी चूक. (पोटात साचलेलं पाणी काढणं वेगळं, ते करतात.)

म्हणून आधी एक साधा गुणाकार करा. सोनोग्राफीत पाच गोष्टी बघायच्या: गाठीत अनेक कप्पे, घट्ट भाग, दोन्ही बाजूंना गाठ, पोटात पाणी, इतरत्र पसरल्याच्या खुणा. एकही नसेल तर ०, एक असेल तर १, दोन किंवा जास्त असतील तर ३. पाळी गेली असेल तर ३, नसेल तर १. हे दोन आकडे आणि सीए-१२५ (रक्ताच्या तपासणीतला आकडा) यांचा गुणाकार. पाळी गेलेली बाई, गाठीत घट्ट भाग, पोटात पाणी, सीए-१२५ ९०: ३ × ३ × ९० म्हणजे ८१०. दोनशेच्या वर गेलं की कॅन्सर सर्जनकडेच जायचं.

नुसत्या सीए-१२५ वर मात्र काहीच ठरवू नका. ३५ च्या आत नॉर्मल म्हणतात, पण पहिल्या स्टेजच्या जवळपास निम्म्या बायकांत तो वाढलेलाच नसतो. उलट एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भपिशवीचं आतलं अस्तर बाहेर वाढतं तो आजार, कॅन्सर नव्हे) वाढतो, आणि पोटाच्या टीबीत तर पाणीही होतं आणि आकडाही शेकड्यांत जातो. पोटाचा टीबी आणि ओव्हरीचा कॅन्सर हुबेहूब एकसारखे दिसतात. तुकडा तपासल्याशिवाय ना टीबीची औषधं सुरू करा, ना कॅन्सर म्हणून घाबरा.

योग्य ऑपरेशनात पिशवी, दोन्ही ओव्हरी, नळ्या आणि आतड्यांवरचा चरबीचा पडदा काढतात, पोट धुतलेलं पाणी तपासायला पाठवतात. आजार पसरलेला असेल तर डोळ्यांना दिसणारी एकही गाठ मागे ठेवायची नाही, पुढचं आयुष्य सगळ्यात जास्त त्यावर ठरतं. ते लगेच शक्य नसेल तर आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग उरलेल्या तीन. केमोची औषधं पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन, दर २१ दिवसांनी. ज्या नागपुरात मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज), तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याची एनसीआय (नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट) आणि मिहानचं एम्स आहे, जिथे गडचिरोली-बालाघाटहून माणसं उपचाराला येतात, तिथल्या बाईचं पहिलंच ऑपरेशन अर्धवट व्हावं, याचा फार राग येतो.

बीआरसीए जीन्सची (यांत दोष असला की ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका वाढतो) तपासणी सुरुवातीलाच मागा, घरात कुणाला कॅन्सर नसला तरी. दोष सापडला तर केमोनंतर ओलापारिबच्या गोळ्यांचा चांगला उपयोग होतो, आणि बहिणी-मुलींनाही आपली तपासणी करून घेता येते.

आणि मे महिन्यात केमो चालू असेल तर हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. तेव्हा १००.४ ताप आला की ‘ऊन लागलं असेल’ म्हणून पन्हं पाजून, पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजले असतील तरी त्याच क्षणी दवाखान्यात न्या.