जंगलातनं उपटून आणलेलं झाड दोन वर्षांत बोन्साय होत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या झाडं लावणाऱ्या लोकांत गेला महिनाभर एक मेसेज फिरायला लागलाय, मला एकटीलाच सहा जणांनी पाठवला. फोटोत जाड खोडाचं एक बोन्साय, म्हणजे ट्रेत मुद्दाम लहान ठेवून वाढवलेलं झाड, पान एक नाही, नुसती चार-चार पाकळ्यांची पांढरीशुभ्र फुलं. आणि खाली लिहिलंय: जंगलात जाऊन असं जुनं झाड उपटून आणा, ते कुणाचंच नसतं, सगळी मुळं खोडाजवळ छाटा, शेणखत भरलेल्या ट्रेत लावा, त्याच दिवशी तार गुंडाळून शेप द्या, फुलं आपोआप लहान होतात, दोन वर्षांत तुमचं झाड फोटोसारखं.

यातली एकेक गोष्ट खोटी किंवा अर्धवट आहे. आणि हे वाचून जांबोटी-कणकुंबीच्या जंगलाकडं कुदळ घेऊन जाणारी माणसं आहेत, म्हणून लिहायला बसले.

आधी फोटोतलं झाड. तो फ्लॉवरिंग डॉगवुड आहे, शास्त्रीय नाव कॉर्नस फ्लोरिडा, अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा. वॉशिंग्टनला जपानकडून चेरीची झाडं आली त्याच्या बदल्यात अमेरिकेनं १९१५ मध्ये जपानला हेच डॉगवुड पाठवले होते. त्याला हिवाळ्यात कित्येक आठवडे सलग कडक थंडी लागते, तेव्हा कुठं वसंतात कळी उमलते. आपल्याकडं जानेवारीत एखाद्या पहाटे पारा दहाच्या आसपास जातो आणि दुपारी परत तीसला टेकतो, त्यावर हे झाड फुलायचं नाही. खानापूरच्या जंगलात ते नाहीच. म्हणजे मेसेज वाचणारा फोटो एकाचा बघतो आणि उपटून दुसरंच काहीतरी आणतो, बहुतेक वेळा आपल्याकडच्या रानातली अंजनी नाहीतर करवंद.

"ते कुणाचंच नसतं", हे सगळ्यात वाईट वाक्य. राखीव जंगलातनं झाड काढणं कर्नाटक वन कायदा १९६३ खाली गुन्हा आहे, आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव कायदा १९७२ पण लागतो. कायदा सोडा बाजूला. कातळाच्या फटीत वारा-पाऊस खात हाताएवढ्या जाडीची झालेली अंजनी किती वर्षांची असते याचा विचार केलाय का कुणी? झाड हवंच असेल तर घराचा पाया खणताना, रस्ता रुंद करताना, शेताचं जुनं कुंपण काढताना जी झाडं तसंही मरणार असतात ती मालकाला विचारून घ्या. ती कमी नाहीत, आपल्याकडं बांधकामं चालूच असतात.

आता मुळं. इथं मला जरा जास्त लिहायचंय कारण हीच चूक मी केलीय. सहा वर्षांपूर्वी भावाच्या बांधावरची एक अंजनी काढायची होती, तिथनं पाण्याची पाइप जायची होती. मी असाच एक व्हिडिओ बघून मुळं खोडापासून चार बोटांवर कापली. शेजारच्या रानातले मामा बघत उभे होते, म्हणाले, "एवढी मुळं कापूलीस व्हय गं, झाड पाणी कशानं पिणार?" मी ऐकलं नाही. महिना-सव्वा महिना पानं हिरवीगार, दोन नवे कोंब पण आले, मी सगळ्यांना फोटो पाठवले. ऑगस्टमध्ये आठ दिवसांत सगळी पानं गळाली आणि नखानं साल खरवडली तर आत तपकिरी. तेव्हा कळलं की ते कोंब खोडात साठलेल्या अन्नावर आले होते, खाली एक पण नवीन मूळ फुटलेलं नव्हतं. कोंब आला म्हणजे झाड जगलं असं नसतं.

पाणी ओढतात ती केसासारखी बारीक मुळं, आणि जुन्या झाडाची ती खोडाजवळ नसतात, लांब टोकाला पसरलेली असतात. म्हणून जाणकार माणूस झाड एकदम काढत नाही. एका वर्षी खोडाभोवती अर्ध्या बाजूनं चर खणून तेवढीच मुळं कापायची, चर चाळलेल्या मातीनं भरायचा, म्हणजे कापलेल्या टोकांना जवळ बारीक मुळं फुटतात. पुढच्या वर्षी उरलेली बाजू. त्याच्या पुढच्या वर्षी हुंडीसकट, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट, उचलायचं आणि हुंडी ओल्या गोणपाटात बांधायची, वाटेत फुटू द्यायची नाही. डॉगवुडचं पण हेच आहे, त्याची मुळं उथळ आणि पसरट, मोठं झाड हलवलं की लवकर रुसतं, म्हणून तिकडं ते हिवाळा संपता संपता कळ्या फुगायच्या आत जमेल तेवढ्या मुळांसकट काढतात. आपल्याकडं वेळ वेगळी. वळवाचे दोन-तीन पाऊस होऊन हवा दमट झाली की काढायचं, भर उन्हाळ्यात नाही.

शेणखताचं काय? कापलेल्या मुळांना खत नको असतं, हवा पाहिजे असते. आणि जुलैमध्ये आपल्याकडं जी झड लागते, खानापूरच्या पश्चिमेला तर विचारूच नका, त्यात शेणखत भरलेला ट्रे म्हणजे चिखल, आठवडाभर ओला, मुळं कुजायला दुसरं काही लागत नाही. मी आता जांभ्याची बारीक खडी आणि विटेचा चुरा वापरते, हरभऱ्याएवढी नाहीतर त्याहून थोडी लहान, धूळ पूर्ण चाळून टाकलेली, आणि झाडाच्या बुंध्यालगतची मूळची माती थोडी तशीच ठेवते. पसरट ट्रे पण नको, खोल खोका घ्या, खाली भरपूर भोकं पाडा आणि झाड हलणार नाही असं दोरीनं घट्ट बांधा, कारण वाऱ्यानं खोड डुललं की नवीन मुळं आतल्या आत तुटतात. खत नवीन वाढ जोरात सुरू झाल्यावर, आणि ते पण हलकं.

त्याच दिवशी तार, याबद्दल एवढंच की आजारी माणसाला उठवून पळवल्यासारखं आहे ते. पहिली दोन-तीन वर्षं कात्री आणि तार दोन्ही लांब ठेवा. डॉगवुडचं लाकूड इतकं टणक की पूर्वी कापड गिरण्यांत त्याचे धोटे, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडं नेणारे लाकडी तुकडे, करायचे. बेळगावात वडगाव-खासबागला ज्यांच्या घरी माग आहेत त्यांना सांगायला नको की धोट्याला कसलं लाकूड लागतं. असली जाड फांदी तारेनं वाकत नाही, मोडते. वाकवायची ती कोवळी, त्याच वर्षीची. त्यात डॉगवुडला मोठी जखम केली तर ती भरायला फार वेळ घेते आणि तिथनं खोडकिडा शिरतो.

आणि फुलं लहान होतात म्हणे! पानं होतात थोडी लहान, फूल आणि फळ होत नाही. फोटोतल्या त्या चार पांढऱ्या पाकळ्या पाकळ्याच नाहीत, ती रंग बदललेली पानं आहेत, खरी फुलं मध्ये हिरवट-पिवळी, मोहरीएवढी बारीक. ती पांढरी पानं झाड कुंडीत असो नाहीतर रानात, तेवढीच राहतात, म्हणून डॉगवुड मोठ्या मापाच्या बोन्सायलाच शोभतो. शिवाय त्याची फुलाची कळी आदल्या उन्हाळ्यातच फांदीच्या टोकाला बटणासारखी तयार होते, हिवाळ्यात छाटलं की फुलं गेलीच. रानातनं आणून खोडापर्यंत छाटलेल्या झाडाला परत फांद्या यायला हव्यात, त्या पिकायला हव्यात, मग कळी. दोन वर्षांत कसं व्हायचं? फोटोतल्या झाडामागं कुणाची तरी कितीतरी वर्षं असणार.

फुलांचंच वेड असेल तर करवंद बघा. पान छोटं, फूल छोटं, पांढरं आणि वासाचं. माझ्याकडं आहे एक, मामांच्याच रानातलं कुंपण काढलं तेव्हाचं, चार वर्षं झाली, यंदा उन्हाळ्यात पहिल्यांदा बहरलं आणि अजून त्याला मी एकपण तार लावलेली नाही.

ज्यांनी मेसेज वाचून आधीच झाड आणलंय त्यांनी निदान एवढं करा. शेणखतातनं काढून चाळलेल्या खडीत लावा, तार सोडा, दुपारचं ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा, जास्त पाऊस झाला की ट्रेच्या एका बाजूखाली वीट घालून तिरपा करा म्हणजे पाणी निथळतं, पानांवर सकाळ-संध्याकाळ पाणी फवारा. आणि मुळं आली का बघायला उपटून पाहू नका, पुढच्या मृगापर्यंत अजिबात हलवू नका.