वडील आणि डीकन म्हणजे पाळकाची मदतनीस कमिटी नव्हे

ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: "देव एका मंडळीला एकच अभिषिक्त सेवक देतो. वडील आणि डीकन ही माणसांनी नंतर काढलेली व्यवस्था आहे. वडिलांनी पाळकाच्या दर्शनाला पाठिंबा द्यावा, डीकनांनी पैसे आणि खुर्च्या सांभाळाव्यात. अभिषिक्तावर बोट ठेवणारा देवाविरुद्ध उभा राहतो." खाली स्तोत्र १०५:१५ चा दाखला: माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका, माझ्या संदेष्ट्यांना इजा करू नका. (पाळक म्हणजे पास्टर, वडील म्हणजे मंडळीची देखरेख करणारे पुढारी, डीकन म्हणजे मंडळीचे सेवक, आणि अभिषिक्त म्हणजे देवानं निवडून नेमलेला.)

हा मजकूर लोक श्रद्धेनं पुढे पाठवतात, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं. पवित्र शास्त्रापुढे धरलं की त्यातलं एकही विधान टिकत नाही. आणि ते खरं मानून चालणाऱ्या मंडळीत सगळ्यात आधी सोसतात ती ज्यांचं कुणी ऐकत नाही अशी माणसं.

"एका मंडळीला एकच सेवक"

पौल आणि बर्णबा हे सुरुवातीचे सुवार्तिक परतीच्या वाटेवर लुस्त्र, इकुन्या आणि पिसिदियातलं अंत्युखिया इथल्या मंडळ्यांना पुन्हा भेटले, तेव्हा त्यांनी प्रत्येक मंडळीत वडील नेमले (प्रेषितांची कृत्ये १४:२३). मंडळी एक, वडील अनेक. क्रेत बेटावर पौलानं आपला सहकारी तीत याला हेच करायला सांगितलं होतं, नगरोनगरी. आजारी माणसानं "मंडळीच्या वडिलांना" बोलवावं, असं याकोब लिहितो.

मिलेतचा प्रसंग तर प्रत्येकानं सावकाश वाचावा (कृत्ये २०). पौलाला यरुशलेमला पोचायची घाई आहे, इफिसला जायला वेळ नाही, म्हणून तो तिथल्या वडिलांना मिलेतला बोलावून घेतो. तीन वर्षं रात्रंदिवस अश्रू गाळत तुम्हाला बोध केला, याच हातांनी माझ्या आणि सोबत्यांच्या गरजा भागवल्या, असं तो त्यांना सांगतो. आणि कळप, म्हणजे मंडळी, त्यांच्या हवाली करतो. त्या सगळ्यांच्या, एकाच्या नव्हे. पवित्र आत्म्यानं तुम्हाला अध्यक्ष (देखरेख करणारे) नेमलं आहे, मंडळीचं पालन करा, हे शब्द वडिलांना उद्देशून आहेत. म्हणजे पाळकाचं म्हणून आपण जे काम ओळखतो, तेच त्यांच्यावर सोपवलेलं आहे. आणि लगेच इशारा देतो की खुद्द तुमच्यातूनच काही जण उठतील आणि शिष्यांना आपल्यामागे ओढून नेतील. धोका पुढाऱ्यांमधूनच येणार हे ज्याला दिसत होतं, त्यानं राखणीला एकटा माणूस ठेवला नाही.

मंडळीवर एकच अध्यक्ष (बिशप) असण्याची पद्धत जुनी आहे, हे मान्य. सूरियातल्या अंत्युखियाचा अध्यक्ष इग्नाशियस दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला तिचा जोरदार पुरस्कार करतो. पण तोच सांगतो की अध्यक्ष, वडील आणि डीकन यांच्याशिवाय मंडळीला मंडळी म्हणताच येत नाही. एकाच माणसाच्या बाजूनं इतिहासातला सगळ्यात भक्कम साक्षीदार काढला, तरी तो वडिलांना आणि डीकनांना सोबत घेऊनच येतो.

"ही व्यवस्था नंतरची"

पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राची पहिलीच ओळ अध्यक्ष आणि सेवक (मूळ ग्रीक शब्द डीकनचाच) यांना नमस्कार करते. हे पत्र येशूच्या वधस्तंभानंतर साधारण तीसेक वर्षांच्या आतलं आहे. याहून आधीचं काय हवं?

"डीकनांनी पैसे आणि खुर्च्या सांभाळाव्यात"

मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य हेच. यरुशलेमेत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होऊ लागली (कृत्ये ६). मंडळीतला हा पहिला मोठा तंटा, आणि तो भाकरीवरून, परक्या भाषेच्या बायकांवरून झाला. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांनी, त्याला किरकोळ म्हटलं नाही. पंक्तिसेवेसाठी, म्हणजे अन्न वाढण्याच्या कामासाठी, त्यांनी आत्म्यानं आणि ज्ञानानं पूर्ण असे सात जण मागितले. निवड सगळ्या समुदायानं केली, हात प्रेषितांनी ठेवले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव: सातही नावं ग्रीक, आणि शेवटचा तर सूरियातल्या अंत्युखियाचा, यहूदी धर्मात बाहेरून आलेला. ज्यांच्या घरची पानं रिकामी राहत होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप दिलं गेलं. पुढचंच वचन सांगतं की देवाचं वचन पसरत गेलं.

त्या अध्यायात या सातांना डीकन असं पद दिलेलं नाही. पण मंडळी दुसऱ्या शतकापासून डीकनसेवेचं मूळ तिथेच पाहत आली आहे.

१ तीमथ्य ३ मध्ये डीकनांच्या अटी पाहा. गंभीर असावा, दुतोंडी नसावा, पैशाचा लोभी नसावा, आधी पारख व्हावी, मग सेवा. शिकवण्याची हातोटी ही अट फक्त अध्यक्षाला आहे, बाकी चारित्र्याची कसोटी जवळजवळ तितकीच कडक. खुर्च्या मांडायला एवढी पारख कोण करेल?

किंख्रियातल्या मंडळीची सेविका (इथेही मूळ ग्रीक शब्द डीकनचाच) फिबी हिची शिफारस पौल रोमकरांना करतो. इ.स. ११२ च्या सुमाराला प्लिनी या रोमी अधिकाऱ्यानं ख्रिस्ती लोकांची माहिती काढायला दोन दासींचा छळ केला, त्यांना मंडळीत सेविका म्हणत असं तोच सम्राट त्राजानाला कळवतो. रोमचा डीकन लॉरेन्स २५८ साली छळात मारला गेला. परंपरा सांगते की मंडळीचा खजिना मागितल्यावर त्यानं गोरगरिबांना पुढे उभं केलं. १५४१ च्या जिनिव्हातल्या प्रॉटेस्टंट मंडळीच्या नियमांत डीकन दोन प्रकारचे होते: गरिबांसाठी आलेला निधी सांभाळणारे आणि आजारी, गरीब यांची प्रत्यक्ष देखभाल करणारे.

आणि पैसे सांभाळणं तरी हलकं काम आहे का? यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमलेली देणगी पौल स्वतः एकट्यानं नेत नाही, मंडळ्यांनी निवडलेला सोबती बरोबर घेतो, कुणी दोष देऊ नये म्हणून (२ करिंथ ८). आजही जिथे हे नीट चालतं तिथे अर्पणाची पेटी दोघांसमोर उघडते. दोघं एका घरातले नसतात. नोटा दोनदा मोजल्या जातात, आकडा वहीत चढतो, दोघांच्या सह्या होतात, आणि त्यानंतरच पैसे पाळकाच्या किंवा बँकेच्या दिशेनं जातात. त्या सह्यांमुळे पाळकाचंही नाव राखलं जातं.

"वडिलांनी पाठिंबा द्यावा"

पाठिंबा द्यावाच, पाळक खरा असेल तर मनापासून. पण वडिलांचं काम तिथे संपत नाही. प्रेषित पेत्र स्वतःला "सोबतीचा वडील" म्हणवून इतर वडिलांना कळपाचं पालन करायला सांगतो, धनीपणा न करता (१ पेत्र ५). चांगला अधिकार चालवणाऱ्या वडिलांना दुप्पट सन्मान द्या, विशेषतः उपदेश आणि शिक्षण यांत श्रम करणाऱ्यांना, असं पौल म्हणतो. शिकवणारा पाळक हाही त्या वडिलांपैकीच एक, असं वाचणाऱ्या मंडळ्या जगभर आहेत.

"अभिषिक्तावर बोट ठेवू नका"

स्तोत्र १०५ मधलं ते वचन अब्राहाम, इसहाक आणि याकोब या पूर्वजांबद्दल आहे. परमुलखात भटकणाऱ्या त्या मोजक्या माणसांना राजांनी इजा करू नये, एवढाच तिथला अर्थ. दाविदानं गुहेत हाती सापडलेल्या अभिषिक्त राजा शौलावर हात टाकला नाही हे खरं, पण त्याच दिवशी गुहेबाहेर येऊन सगळ्यांसमोर त्याला त्याच्या अन्यायाचा जाब विचारला. पुढे दावीद स्वतः अभिषिक्त राजा असताना संदेष्टा नाथान यानं त्याच्या तोंडावर सांगितलं, "तो मनुष्य तूच." अंत्युखियात पौलानं पेत्राला तोंडावर विरोध केला. आणि योहान आपल्या पत्रात अभिषेक साऱ्या विश्वासणाऱ्यांना मिळाल्याचं लिहितो.

वडिलाविरुद्धचा आरोप दोघातिघा साक्षीदारांशिवाय घेऊ नये, हे १ तीमथ्य ५:१९ चं वचन पुढाऱ्यांना आवडतं. कुजबुजीपासून ते त्यांना वाचवतं, आणि ते योग्यच आहे. पण पुढची दोन वचनं सोडून कसं चालेल? पाप करत राहणाऱ्यांना सर्वांदेखत दोष दे, आणि हे पक्षपात न करता कर. "अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा" म्हणणारं इब्री १३:१७ सुद्धा त्या अधिकाऱ्यांना हिशेब द्यायचा आहे, हे त्याच वाक्यात सांगतं. एखादी मुलगी घाबरत घाबरत पाळकाबद्दल तक्रार घेऊन येते, तेव्हा तिच्यापुढे स्तोत्राचं अर्धं वचन ठेवणं हा वचनाचा गैरवापर आहे. तिला दुसऱ्यांदा जखमी करणं आहे.

वडीलही बिघडतात, त्यांचाही गट होतो, आणि मंडळीही त्यांच्याशी अन्यायानं वागू शकते. पहिल्या शतकाच्या अखेरीला करिंथकरांनी निर्दोष वडिलांना काढून टाकलं म्हणून रोमच्या मंडळीला लांबलचक पत्र लिहावं लागलं. योहानाच्या तिसऱ्या पत्रातला दियत्रफेस, पहिलेपणाची हौस असलेला, कुणाचंच न ऐकणारा, असा माणूस कुठल्याही पदावर सापडेल. म्हणून हा मजकूर तुमच्याकडे आला, तर तो पुढे पाठवण्याआधी आपल्या मंडळीत तीन गोष्टी विचारा: अर्पण कोण मोजतं आणि हिशेब कोण तपासतं, वडील आणि डीकन कसे निवडले जातात, आणि पाळकाविरुद्ध तक्रार असेल तर ती कुणाकडे न्यायची. चांगला पाळक या प्रश्नांनी दुखावणार नाही.