ताण पेशीचा की मनाचा? एका फॉरवर्डची उलटतपासणी

‘ताणामुळे क्रोमॅटिन उघडतं आणि कॅन्सरची जनुकं जागी होतात. मन शांत ठेवा, रोज हळद घ्या, ती पुन्हा झोपतील.’ असा मजकूर सध्या फिरतोय. क्रोमॅटिन म्हणजे हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेलं डीएनए. शब्द खरे आहेत, जोडणी खोटी.

‘ताण म्हणजे चिंता.’ पेशीचा ताण म्हणजे उष्णता, ऑक्सिजनची टंचाई, डीएनएला इजा. पेशी 42 अंश सेल्सियसला ठेवल्या की काही मिनिटांत एचएसएफ-1 हे प्रथिन डीएनएवर बसतं. मग स्विच-स्निफ गटातली प्रथिनं एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून न्यूक्लिओसोम (हिस्टोनभोवतीचं 147 अक्षरांचं डीएनएचं वेटोळं) सरकवतात आणि एचएसपी-70 या संरक्षक प्रथिनाचं जनुक वाचायला मोकळं होतं. हा पेशीचा बचाव आहे. मनाच्या ताणातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरकही याच गटाची मदत घेतं, हे मान्य. पण क्रोमॅटिनची उघडझाप निरोगी पेशीतही अखंड चालू असते.

‘उघडलं की कॅन्सर.’ इथे तर गाडी उलटी आहे. माणसाच्या साधारण 20 टक्के कॅन्सरमध्ये स्विच-स्निफच्या जनुकांत बिघाड सापडतो, आणि बहुतेकदा तो हे यंत्रच मोडणारा असतो. लहान मुलांच्या रॅब्डॉइड ट्यूमर या आक्रमक कॅन्सरमध्ये बहुतेकदा याच गटातल्या स्मार्क-बी-1 जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात. हे 1998 मध्येच कळलं. पॅथॉलॉजिस्ट आयएनआय-1 चा (म्हणजे याच जनुकाच्या प्रथिनाचा) स्टेन करतात तेव्हा ट्यूमरची केंद्रकं कोरी राहतात, शेजारच्या रक्तवाहिन्यांची मात्र रंगतात. तीही कोरी राहिली तर निदान करायचं नाही: फिक्सेशन (नमुना रसायनात टिकवणं) किंवा स्टेन बिघडलाय, चाचणी पुन्हा लावायची. तान्ह्या बाळाच्या या आजाराला कुणाची कसली चिंता जबाबदार धरणार?

‘हळदीने जनुकं झोपतात.’ काचेच्या बशीत पेशींवर कुर्कुमिनची (हळदीतल्या पिवळ्या घटकाची) जी मात्रा ओततात, ती जेवणातल्या हळदीने रक्तात येत नाही. आतड्यातून ते फारच थोडं शोषलं जातं. शिवाय मोडलेलं जनुक झोपवून काय साधणार?

खरं औषध कसं असतं ते पाहा. स्मार्क-बी-1 गेलं की ईझेडएच-2 हे जनुकं बंद करणारं एन्झाइम मोकाट सुटतं. त्याला अडवणारं टॅझेमेटोस्टॅट एपिथेलिऑइड सार्कोमासाठी (हा दुर्मीळ कॅन्सर, त्यातही बहुतेकदा स्मार्क-बी-1 गेलेलं असतं) अमेरिकेत जानेवारी 2020 मध्ये मंजूर झालं. मात्रा 800 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. मंजुरीच्या चाचणीत 62 रुग्ण होते, गाठ लक्षणीय आकसली ती 15 टक्क्यांत. आणि औषधामुळे दुसराच, रक्ताचा कॅन्सर उद्भवू शकतो, हा इशारा त्याच्या माहितीपत्रकातच छापलेला होता.