उठलीसच आहेस तर पिंप भर

मे महिन्यात भाचा आला राहायला. इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष. दुपारी बारापर्यंत हॉलमध्ये आडवा, आणि रविवारी केर काढताना मी झाडूने ढोसलं तर डोळे न उघडता म्हणतो, "मावशी, डिस्टर्ब नको ना करू, प्रॅक्टिस चालूय."

म्हटलं झोपायची कसली रे प्रॅक्टिस, ती तर तुला जन्मतः येते.

तर ही प्रॅक्टिस ल्युसिड ड्रीमिंगची. म्हणजे स्वप्न चालू असतानाच आपल्याला कळायचं की अरे हे स्वप्न आहे, आणि एकदा कळलं की मग पुढचं स्टिअरिंग थोडंफार आपल्या हातात. उडा, समुद्रावरून चाला, काय वाट्टेल ते करा. मला वाटलं फेकतोय. म्हणून त्या रात्री भांडी आवरून मोबाईल घेऊन बसले, तर नाही, खरंच आहे! हे नाव फ्रेडरिक व्हॅन एडन नावाच्या एका डच मानसोपचारतज्ज्ञाने १९१३ सालीच वापरलंय. आणि पुरावासुद्धा आहे. स्वप्नं पडतात त्या झोपेत आपलं सगळं अंग लुळं पडलेलं असतं (नाहीतर आमच्या ह्यानं झोपेत कव्हर ड्राइव्ह मारून मला कधीच भिंतीत घातलं असतं), पण डोळे मात्र हलतात. तर १९७५ मध्ये इंग्लंडच्या हल युनिव्हर्सिटीत कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली नावाच्या माणसाला मशीनच्या वायरी लावून झोपवलं, आणि त्याने आधी ठरल्याप्रमाणे स्वप्नातून डोळे डावी-उजवीकडे फिरवून सिग्नल दिला. झोपेतून मिस्ड कॉलच म्हणा ना.

२०२१ मध्ये तर कहरच. चार देशांतल्या संशोधकांनी मिळून झोपलेल्या लोकांना प्रश्न विचारले, आणि एकाने "आठ वजा सहा किती" याचं उत्तर डोळे दोनदा फिरवून दिलं. बरोबर दिलं. मला त्या पोराची दयाच आली. एवढं आख्खं स्वप्न हातात आलं आणि त्याला वजाबाकी करायला लावली?

मी असं करणार नव्हते. मी उडणार होते. भांडुपला चारशे वीस स्क्वेअर फुटात आम्ही पाच माणसं, त्यात घरातली माझी स्वतःची अशी एकच जागा म्हणजे बाथरूम, आणि तिथेही तीन मिनिटं झाली की कडी वाजते. स्वप्नात तरी कोणी विचारायला येणार नाही की माझे मोजे कुठेत.

पहिली पायरी म्हणजे रिॲलिटी चेक. दिवसभरात दहा-बारा वेळा स्वतःला सिरियसली विचारायचं की मी आत्ता स्वप्नात तर नाही ना, आणि टेस्ट करायची. सवय अंगात मुरली की स्वप्नातही तीच टेस्ट होते आणि मग कळतं. एक टेस्ट अशी की नाक चिमटीत धरून तोंड मिटून श्वास घ्यायचा, स्वप्नात नाक बंद असूनही श्वास जातो. मी ही टेस्ट आठ सतराच्या स्लोला, लेडीज डब्यात, विक्रोळीच्या आसपास केली. शेजारची बाई आधी माझ्याकडे बघत होती, मग स्वतःच्या पिशवीकडे, मग परत माझ्याकडे. "ओ मॅडम, सुकट आहे, बंद डब्यात आहे, एवढं काय नाक धरायचं? खात नाही का तुम्ही?" आता हिला व्हॅन एडन कुठून सांगू? म्हटलं सर्दी आहे हो, आम्ही सुकट आवडीने खातो. पुढे घाटकोपरपर्यंत सुकटीच्या चटणीची तिची रेसिपी ऐकली (चांगली आहे, लसूण ठेचून शेवटी घालायची).

दुसरी टेस्ट, कुठलाही मजकूर एकदा वाचायचा, नजर हटवायची, परत वाचायचा. स्वप्नात अक्षरं बदललेली दिसतात. संध्याकाळी सीएसटीला इंडिकेटर वाचला, ठाणे स्लो. नजर हटवली, परत वाचला, कल्याण! क्षणभर अंगावर काटा आला, म्हटलं जमलं की काय, आता पाय उचलला की उडणार. तेवढ्यात घोषणा झाली आणि दोनशे माणसं शेजारच्या प्लॅटफॉर्मकडे पळाली, त्यात मीपण. तिसरी टेस्ट लाइटच्या बटणाची, स्वप्नात बटण दाबलं तरी म्हणे दिवा नीट लागत नाही. आमच्या पॅसेजमधला दिवा दिवाळीपासून लागत नाहीये. ज्यांनी कोणी या टेस्ट काढल्यात ते मुंबईत राहिलेले नाहीत हे नक्की.

मग डायरी. सकाळी डोळे उघडल्या उघडल्या, हलायच्या आत, स्वप्न लिहून काढायचं, नाहीतर पाच मिनिटांत उडून जातं. आता उशाशी वही म्हणजे आमच्याकडे दुधाच्या हिशोबाची वही, तीच मिळाली. सोमवारी लिहिलं, "सर पाण्याच्या टाकीत बसून भेंडी चिरतायत, मी म्हणतेय उभी चिरा." मंगळवारी नुसतंच "हत्ती, लिफ्टमध्ये, मेंटेनन्स मागतोय." महिनाअखेरीला नवरा दूधवाल्याचा हिशोब करायला बसला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "अगं, बारा तारखेला दोन लिटर आणि हत्ती म्हणजे काय?"

स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज नावाचे संशोधक होते, त्यांनी एक पद्धत काढलीये. झोप लागताना मनाशी घोकत राहायचं की पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा मला आठवेल की हे स्वप्न आहे. म्हणजे पुढे करायची गोष्ट आधीच डोक्यात ठेवून द्यायची, घरी जाताना कोथिंबीर घ्यायची आहे, तसं. इथेच घात झाला. "पुढच्या वेळी मला आठवेल की हे स्वप्न आहे, पुढच्या वेळी मला आठवेल की मटकी भिजत घातली नाहीये." उठले, मटकी भिजत घातली, परत आडवी झाले. "मला आठवेल की हे स्वप्न आहे, मला आठवेल की धाकटीच्या वहीला कव्हर..." पंधरा दिवस हे केलं. स्वप्नात काही आठवलं नाही पण त्या पंधरा दिवसांत घरातलं एकही काम राहिलं नाही, हे मात्र सांगायला हवं.

भाचा म्हणाला, मावशी, आता अलार्मवाली पद्धत कर. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांमध्ये चालते, आणि स्वप्नांच्या लांब फेऱ्या पहाटेकडे असतात. म्हणून पाचेक तास झोपून उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं, आणि परत झोपायचं, की थेट स्वप्नात एंट्री. आता साडेअकराला झोपणारीचे पाच तास म्हणजे साडेचार. आणि आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी येतं पावणेपाचला.

मी साडेचारला उठून अंधारात बेडवर ताठ बसलेय, मन शांत करतेय, आणि आतून सासूबाईंचा आवाज, "कोण, तू उठलीस होय? अगो, मग उठलीसच आहेस तर पिंप भर." पिंप भरलं. मग वाटलं हंडाही भरू. मग गॅसजवळ आलेच आहे तर कणीक तिंबून ठेवू. सहा वाजता नवरा उठला तेव्हा माझ्या पोळ्या झालेल्या होत्या. त्याला हे ल्युसिड ड्रीमिंग फार आवडलं. "चालू ठेव तू," म्हणाला, "माणसानं काहीतरी छंद ठेवावा."

एकदा मात्र लागली परत झोप. आणि त्या दिवशी जे झालं ते मी कोणाच्या वैऱ्यावरही येऊ नये म्हणेन. उठले, आंघोळ केली, चौदा पोळ्या लाटल्या, भाजी परतली, चार डबे भरले, झाकणं लावली, आणि अलार्म वाजला. मी बेडवरच. याला खोटी जाग म्हणतात, म्हणजे स्वप्नातच जागं झाल्याचं स्वप्न पडतं. चौदाच्या चौदा पोळ्या परत पहिल्यापासून लाटल्या. एकाच सकाळी अठ्ठावीस पोळ्या, आणि त्यातल्या चौदा कोणी खाल्ल्या नाहीत. भाचा म्हणाला, "अगं तिथे नाक धरायचं ना!" कणकेच्या हाताने?

त्याच आठवड्यात रात्री जेवताना हा सगळा विषय निघाला, तर सासूबाई ताक पीत म्हणाल्या, "कळायला काय हवंय? मला लहानपणापासून कळतं."

सगळे थांबलो.

"काय कळतं आई?"

"स्वप्न आहे ते. मी रोज जाते की गुहागरला. घरामागे फणसाखाली बसते, समुद्रावर चक्कर मारते. कोणी नको ते माणूस समोर आलं तर म्हणते जा रे बाबा, तू स्वप्नातला, की जातो. त्यात काय शिकायचंय?"

भाच्याच्या हातातला घास तसाच राहिला. मी नंतर वाचलं, निम्म्याहून जास्त लोकांना आयुष्यात एकदा तरी असं स्वप्न पडलेलं असतं. पण रोज? फुकट? आणि इतकी वर्षं ही बाई दुपारी चटईवर आडवी व्हायची तेव्हा मला वाटायचं बिचारी गुडघ्यांमुळे कुठे जाऊ शकत नाही. त्यात परत मला ऐकवलंन, "मनी वसे ते स्वप्नी दिसे, तुझ्या मनी काय वसतं ते बघ आधी."

मला तोपर्यंत एकदाच जमलं होतं, तेही जेमतेम. दहावीचा गणिताचा पेपर, मी उशिरा पोचलेय, नंबर सापडत नाहीये, आणि एकदम क्लिक झालं की एक मिनिट, मी एकेचाळीस वर्षांची आहे, मी पास झालेय! एवढा आनंद झाला की त्या आनंदाने जागच आली. तीन सेकंद. भाचा म्हणाला हे सगळ्यांचं होतं, एक्साइट झालं की स्वप्न फुटतं, अशा वेळी हात एकमेकांवर चोळायचे किंवा गोल फिरायचं, म्हणजे टिकतं.

आणि मग गेल्या गुरुवारी खरंच झालं.

भांडुप स्टेशन. आठ सतरा आली. मी चढले, आणि डबा रिकामा. म्हणजे अक्षरशः रिकामा, आणि समोर विंडो, तीही हवेची. ठाण्याहून सुटलेली गाडी आठ सतराला भांडुपात रिकामी? मला नाकबिक धरावंच लागलं नाही. स्वप्न! स्वच्छ कळलं. जाऊन बसले, आणि लगेच हात चोळायला लागले. स्वप्न टिकलं. वारा येतोय, पंखे चालू, कांजूरच्या पुढे आकाश इतकं निळं की त्या बाजूला ते कधी नसतं. आता उठायचं, दारातून झेप घ्यायची, वरून मरीन ड्राइव्हला जायचं, महिनाभर प्लॅन पाठ होता.

तेवढ्यात एक बाई आली. आख्खा डबा मोकळा, पण आली ती माझ्याच सीटजवळ. "थंडी वाजतेय का? कुठे उतरणार?"

मला माहीत होतं की ही बाई नाहीये. माझ्याच डोक्याने बनवलेली आहे. जा गं बाई म्हटलं की जाईल, सासूबाईंची जाते तशी. आणि मी काय केलं, तर म्हटलं "सीएसटी," आणि खिडकीकडे सरकून तिला जागा दिली. मग अजून दोघी आल्या. चौथीलासुद्धा टेकायला दिलं. दादर आलं, परळ आलं, आणि पिंपात पाणी पडल्याचा आवाज यायला लागला.

संध्याकाळी भाच्याला फोन केला. तो आधी किंचाळलाच, "जमलं तुला! मग? उडलीस?"

"नाही रे."

"अगं का?"

"हवेची विंडो होती."

"मावशी, स्वप्न होतं ते!"

"हो रे, कळत होतं ना मला. पण उठले असते तर गेली असती सीट."

त्याने फोनच ठेवला. सासूबाई तिकडून लसूण सोलत ऐकत होत्या. "कुठपर्यंत बसलीस?"

"करी रोड."

"मग बरंच की."