अंदाज की क्रमवारीची नक्कल?

गोल्फची कुठलीही मोठी स्पर्धा असो, आदल्या दिवशी भाकितं येतात आणि त्यात तीच दोन नावं: शेफलर, मॅकिलरॉय. अरे, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? जागतिक क्रमवारी आम्हालाही वाचता येते! द ओपनमध्ये, म्हणजे ब्रिटिश ओपनमध्ये, १५६ जण उतरतात. चार दिवस, ७२ होल. गुरुवारी सकाळी शांत हवेत खेळून मोकळा झालेला आणि दुपारी समुद्रावरच्या वाऱ्यात सापडलेला, दोघांची परीक्षा सारखी नसतेच. त्याबद्दल भाकितांत एक ओळ नाही. कोण चार दिवस पटिंग (होलजवळून चेंडू हलकेच आत ढकलणं) जमल्यामुळे तरला आणि कोणाचे अप्रोच शॉट (लांबून होलच्या जवळ चेंडू आणणारे फटके) सातत्याने चांगले पडतायत, हे स्ट्रोक्स गेन्डच्या, म्हणजे कुठल्या प्रकारच्या फटक्यात इतरांपेक्षा किती फटके वाचवले त्याच्या, आकड्यांत दिसतं. ते उघडून बघायचेही कष्ट नकोत.

२००३ मध्ये क्रमवारीत ३९६ वा असलेला बेन कर्टिस द ओपन जिंकला. २०२१ मध्ये पन्नाशीतल्या मिकेलसनने पीजीए चॅम्पियनशिप नेली. तरी हे तज्ज्ञ छातीठोकपणे त्या दोघांतलंच एक नाव देणार! इतक्या गर्दीत सगळ्यांत तगडा खेळाडूसुद्धा बहुतेक वेळा हरतोच, हे स्पष्ट सांगा ना. आणि रविवारी अंदाज फसला की सोमवारी अवाक्षर नाही. निदान कुठे चुकलं ते तरी लिहा की!