सोलरच्या आधी गच्ची, गच्चीच्या आधी कॉलम

मुंबई, ठाणे, पुण्यातल्या तीस-चाळीस वर्षं जुन्या सोसायट्यांमध्ये सध्या दोनच विषय चालतात. पुनर्विकासाला कधी जायचं, आणि तोवर गच्चीवर सोलर बसवून घ्यायचं का. आहे ती इमारत नीट करून वापरायची हा तिसरा विषय एजीएममध्ये कोणी काढतच नाही. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीत, जी इमारत सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरलेली नाही, सी-२बी (रिकामी न करता दुरुस्त होणारी) किंवा सी-३ (किरकोळ दुरुस्तीची) मध्ये आहे, ती पाडायची घाई करू नये असं माझं ठाम मत आहे. तिच्यातलं सिमेंट आणि पोलाद बनवताना जो कार्बन हवेत गेला तो गेलाच. ती पाडली की राडारोडा होतो, आणि नव्या टॉवरसाठी तेवढंच, बहुधा त्याहून जास्त, सिमेंट-पोलाद पुन्हा लागतं.

पण दुरुस्तीचा क्रम चुकला की पैसे पाण्यात जातात.

पहिल्यांदा कॉलम-बीम. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. नुसतं बघून लिहिलेला अहवाल घेऊ नका. हातोडीने ठोकून बद्द आवाज येणाऱ्या जागा नकाशावर मांडलेल्या हव्यात, आणि काँक्रीट फोडून फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी केलेली हवी. ताज्या फोडलेल्या भागावर हे द्रावण फवारलं की निरोगी काँक्रीट गुलाबी होतं. रंग आला नाही तर तिथला अल्कलीपणा संपलाय, म्हणजे सळईचं संरक्षक कवच गेलंय. हा बिनरंगी थर सळईपर्यंत पोचला असेल तर ओल मिळताच गंज धरतो, सळई फुगते आणि वरचं काँक्रीट ढलप्यांनी सुटतं.

दुरुस्ती करताना आधी टेकू, मग तोडफोड. सळईच्या मागे साधारण २० मिमी मोकळी जागा होईपर्यंत काँक्रीट काढायचं, सळई सगळ्या बाजूंनी घासून चकचकीत करायची, गंजरोधक लेप लावायचा, मग बाँडिंग कोट (जुन्या-नव्याला चिकटवणारा लेप) आणि पातळ थरांत पॉलिमर मॉर्टर (चिकट रसायन मिसळलेला सिमेंटचा माल). खोली जास्त असेल तर साचा लावून मायक्रो-काँक्रीट, म्हणजे बारीक खडीचं वाहतं काँक्रीट. सळई झिजली असेल तर शेजारी नवी सळई जोडायची. किती, ते स्ट्रक्चरल कन्सल्टंटने ठरवायचं. बहुतेक कामं बिघडतात ती इथेच. सळईची फक्त पुढची बाजू घासतात, किंवा बाँडिंग कोट सुकल्यावर मॉर्टर मारतात. सुकलेला कोट चिकटवायच्या ऐवजी थर वेगळे करतो. शिवाय समुद्राजवळ खारं झालेलं जुनं काँक्रीट दुरुस्त केलेल्या तुकड्याभोवती (पॅचभोवती) तसंच ठेवलं, तर दोन-चार वर्षांत पॅचच्या कडेलाच नवा गंज सुरू होतो.

मग गच्ची. गळती थांबत नाही म्हणून जुन्या कोब्यावर (वीट-तुकडे आणि सिमेंटच्या जाड थरावर) नवा कोबा टाकतात. हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. १० सेंमी कोब्याचं वजन चौरस मीटरला साधारण २०० किलो, म्हणजे ३०० चौरस मीटरच्या गच्चीवर ६० टन, आणि तेही आधीच थकलेल्या कॉलमवर. जुना थर काढा, स्लॅबच्या भेगा आणि पाइपांची तोंडं आधी भरा, पाण्याला १०० ला १ तरी उतार द्या, कठड्याच्या कोपऱ्यात गोलाई द्या. ७२ तास पाणी साठवून खालच्या मजल्याची छतं तपासल्याशिवाय वरचा थर टाकू देऊ नका. वरती पांढरा चायना मोझेक, म्हणजे फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर, उत्तम. उष्णता परतवणारा पांढरा रंग लावला, तर दर उन्हाळ्याआधी गच्ची धुवा. धूळ बसली की त्याचा गुण कमी होतो.

सोलर शेवटी. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. त्याआधी वापर कमी करा. चोकवाल्या २० जुन्या ट्यूब १२ तास जळत असतील, तर एलईडी लावून दर ट्यूबमागे ३० वॉट वाचतात, म्हणजे दिवसाला ७ युनिट. जवळजवळ २ किलोवॉट पॅनेलची ही कमाई जिन्यातच मिळते. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान ठरलेलं आहे. पॅनेलच्या सांगाड्यासाठी वॉटरप्रूफिंगमध्ये भोकं पाडू देऊ नका. त्याऐवजी सांगाडा वाऱ्यात दाबून धरणारे काँक्रीटचे ठोकळे किती वजनाचे, हे मुंबईसाठी ४४ मीटर प्रतिसेकंद हा वाऱ्याचा मूळ वेग धरून लेखी मागा, आणि तेवढं वजन स्लॅबला झेपेल का हे कन्सल्टंटला विचारा. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी कुठे जाते तेही पाहा. एका पॅनेलवरची सावली अख्ख्या ओळीची वीज घटवू शकते.

पैशांसाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीची राखीव पुंजी) उपविधींतच आहे. वर्षानुवर्षं मेंटेनन्स कमी ठेवायच्या नादात तो गोळा केला नाही, म्हणून एकदम लाखांची वर्गणी काढावी लागते. आणि काम ठोक रकमेत देऊ नका. प्लास्टर काढल्यावर खराब काँक्रीट अंदाजापेक्षा जास्तच निघतं, आणि ठोक रकमेतला कंत्राटदार ते झाकून टाकतो. दर चौरस मीटरप्रमाणे ठरवा, आणि प्रत्येक जागा बुजवण्याआधी कन्सल्टंटचं मोजमाप, फोटो आणि सही घ्या.