अशोक चौकातलं पोरगं चौकटीत कधी येणार?

शाळेच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात वाद पेटला. सोलापुरात शिकवणी घेणारा आमचा एक वर्गमित्र म्हणाला, पेपरातल्या चित्रमालिका बंद कराव्यात; तेवढ्या जागेत स्पर्धा परीक्षेचे दहा प्रश्न बसतील, पोरांचं भलं होईल. दुसऱ्यानं री ओढली. म्हणाला, आपल्याला टक्कल पडलं तरी चिंटू आहे तेवढाच आहे, तेच ते किती दिवस वाचायचं? तिसरी म्हणाली, मोबाइलवर दिवसाला पन्नास मीम्स येतात, पेपरातल्या विनोदाकडे बघतंय कोण. मी अमेरिकेत, मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात राहतो. तुमचा दिवस म्हणजे माझी रात्र, त्यामुळे सगळे बोलून झोपले तेव्हा मी वाचायला बसलो. दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हे लिहितोय.

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू २१ नोव्हेंबर १९९१ रोजी ‘सकाळ’मध्ये सुरू झाला, तेव्हा मी सहावीत होतो. आमच्या घरी पेपर येत नव्हता. अण्णा यंत्रमागावर कामाला होते आणि त्यांचं वाचन व्हायचं सोलापूरच्या अशोक चौकाजवळच्या एका सलूनमध्ये. सुटीच्या दिवशी मला कटिंगला घेऊन जायचे, तेव्हा माझंही व्हायचं. तिथं पेपर एक आणि नंबर लावून बसलेली माणसं आठ-दहा. त्यामुळे पानं सुटी होत. पहिलं पान वडीलधाऱ्यांकडे, खेळाचं पान पोरांकडे. चिंटूचं पान मात्र ज्याच्या हाती येईल त्यानं मोठ्यानं वाचायचं, असा तिथला रिवाज होता. कारण अगदी साधं होतं. खुर्चीत मान मागे टाकून, गालाला फेस लावून बसलेल्या माणसाला पेपर दिसत नसे आणि त्यालाही चिंटू हवा असे.

मोठ्यानं वाचायचं म्हणजे नुसते संवाद वाचून भागत नाही, चित्रही सांगावं लागतं. ‘आता चिंटू दाराआड उभा हाय. आई तिकडून येलालीय. तिच्या हातात काय हाय बघा...’ असं सांगत सांगत वाचणारा चौथ्या चौकटीपाशी थांबायचा. वस्ताऱ्याचा हातही थांबायचा. मग शेवटचं वाक्य.

एवढ्यानं ते संपत नसे. बाकावर तेलुगू बोलणारे एक आजोबा बसलेले असत, सगळे त्यांना ताता म्हणत. उभा जन्म मागावर गेलेला. त्यांना मराठी कळायचं, पण विनोद त्यांना आपल्या भाषेत ऐकायचा असे. मग कुणीतरी तोच चिंटू तेलुगूत सांगायचा. त्यात चिंटूचा चिन्नोडु व्हायचा आणि शेजारच्या जोशी काकूंची अत्तम्मा. मराठीतली कोटी तेलुगूत टिकायची नाही, म्हणून सांगणारा तिथल्या तिथं दुसरी घालायचा, आणि कधी कधी ती मूळ कोटीपेक्षा सरस निघायची. तेलुगू येणारे दुसऱ्यांदा हसायचे. ताता तो विनोद घरी नेऊन विड्या वळत बसलेल्या आपल्या बायकोला सांगत, म्हणजे चार चौकटींचा तो मजकूर सकाळी दहाच्या आत तीनदा सांगून व्हायचा.

वर चर्चा निराळी. आईनं इतकं ओरडायला नको होतं, असं एकाचं मत, तर दुसऱ्याच्या मते पोरगं लाडानं बिघडलंय. चिंटूच्या दोस्तांतला पप्पू बरा की बगळ्या बरा, यावरून मोठी माणसं तावातावानं बोलायची. एक दिवस ताता म्हणाले, ‘समदं बरं हाय, पण ह्ये पोरगं आपल्या गल्लीत का ऱ्हात न्हाई बे?’ सगळे हसले. तो प्रश्न माझ्या मनात मात्र तीस वर्षं राहिला आहे. त्याकडे पुढे येतोच.

आधी ‘तेच ते’चं बोलतो. अण्णांच्या कारखान्यात जेकार्डच्या चादरी निघायच्या. नक्षीचे पुठ्ठे एकदा ओवले की तोच मोर, तीच वेल दर चादरीत. म्हणून कुणी चादर शिळी म्हणत नाही. पोत कसा बसलाय, रंग कसा उठलाय, कड सरळ आहे का, हे बघतात. दीर्घकाळ चालणारी चित्रमालिका वाचण्याची रीतही तीच आहे. जोशी काकू चिडणार हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं, आज त्या कशा चिडतात हे त्याला बघायचं असतं. कीर्तनकार तीच कथा सांगतो तेव्हा आपण उठून जात नाही. ज्याला रोज नवीन हवं त्याच्यासाठी मीम आहेच, आणि चांगलं मीम मलाही आवडतं. पण मीममधल्या माणसाची मला काळजी वाटत नाही. तो काल कुठे होता हे मला माहीत नसतं आणि उद्या तो नसतोच.

सेंट पॉलला आलो तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की इथं थंडी फार. नंतर कळलं की ‘पीनट्स’ या चित्रमालिकेचा चित्रकार चार्ल्स शुल्झ याच गावात वाढला. तिच्यातला चार्ली ब्राउन हा मुलगा आणि त्याचा कुत्रा स्नूपी सगळ्या जगाला माहीत आहेत. शहराच्या मध्यभागी त्या मंडळींचे कांस्यपुतळे आहेत, मुलं त्यांच्या मांडीवर चढून बसतात. शुल्झचे वडील न्हावी होते. स्नेलिंग आणि सेल्बी या रस्त्यांच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान होतं. बापलेकांना चित्रमालिकांचं इतकं वेड की रविवारच्या पुरवण्या दोघं मिळून वाचत. मुलाचं ‘स्पार्की’ हे लाडाचं नावही एका चित्रमालिकेतल्या घोड्यावरून पडलेलं. हे वाचलं आणि मी मुद्दाम त्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. डोळ्यांपुढे अशोक चौक होता.

जागेचा प्रश्न काढणाऱ्या मित्रानं शुल्झची पुढची गोष्ट ऐकावी. १९४७ ते १९५० या काळात तो इथल्या स्थानिक पेपरात आठवड्याला व्यंगचित्रं काढत असे. त्यानं मानधन वाढवून मागितलं, रोजची जागा मागितली. दोन्ही मिळालं नाही, तेव्हा त्यानं ते काम सोडलं. त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९५० ला, ‘पीनट्स’ सुरू झाली ती अवघ्या सात वर्तमानपत्रांत. विकताना तिची जाहिरात ‘जागा वाचवणारी मालिका’ अशीच केली होती: चार सारख्या चौकटी, आडव्या लावा, उभ्या लावा, नाहीतर दोनावर दोन ठेवा. अडचणीची जागा मिळाली म्हणून त्यानं रेषा कमी केल्या, आणि त्या कमी रेषांनीच ती मालिका पुढे ७५ देशांतल्या २,६०० वर्तमानपत्रांत नेली. जवळजवळ पन्नास वर्षं एकट्यानं काढलेली १७,८९७ चित्रं. अक्षरंसुद्धा दुसऱ्या कुणाला लिहू दिली नाहीत. १२ फेब्रुवारी २००० च्या रात्री तो गेला आणि दुसऱ्या दिवशी रविवारच्या पेपरात त्याचं शेवटचं चित्र छापून आलं. दहा प्रश्नांची जागा म्हणतोस ना मित्रा, ती एवढी मोठी असते.

पण इथल्या वाचकांकडून घ्यावं असं मला जे वाटतं ते दुसरंच आहे. ही माणसं चित्रकाराला पत्र लिहितात. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ ला झाली. त्यानंतर अकरा दिवसांनी हॅरिएट ग्लिकमन नावाच्या, शिक्षिका राहिलेल्या लॉस एंजेलिसच्या एका बाईंनी शुल्झला पत्र धाडलं: तुमच्या मुलांच्या घोळक्यात एक काळा मुलगा का नसावा? शुल्झनं आधी संकोच कळवला. आपण उपकार केल्यासारखं दिसेल अशी त्याला भीती होती. बाईंनी पिच्छा सोडला नाही, आपल्या कृष्णवर्णीय मित्रमंडळींचीही मतं त्याला कळवली. ३१ जुलै १९६८ च्या चित्रात समुद्रकिनाऱ्यावर चार्ली ब्राउनचा हरवलेला चेंडू एक मुलगा आणून देतो. तोच फ्रँकलिन. एका वाचक बाईच्या पत्रानं, साडेतीन महिन्यांत.

कॅनडाच्या लिन जॉन्स्टन यांच्या ‘फॉर बेटर ऑर फॉर वर्स’ या चित्रमालिकेत माणसं खऱ्या काळाबरोबर मोठी होत. १९९५ मध्ये त्यातला फार्ली नावाचा म्हातारा कुत्रा घरातल्या लहान मुलीला पाण्यातून वाचवताना मरतो. लोकांनी पत्रांचा पाऊस पाडला. कुणी रागानं, कुणी रडून. माझ्या शेजारच्या ऐंशीच्या आजींच्या फ्रिजवर ते कात्रण अजून आहे, पिवळं पडलेलं. त्यांनी आपला कुत्रा गमावला त्याच वर्षी ते छापून आलं होतं, असं त्यांनी सांगितलं.

म्हणून इथं सगळं आलबेल आहे असं नाही. ‘ब्लाँडी’ १९३० साली सुरू झाली, मूळ चित्रकार गेल्यावर ती मुलानं पुढे चालवली. ‘पीनट्स’ची जुनी चित्रं शुल्झ जाऊन पंचवीस वर्षं झाली तरी रोज छापली जातात. जुनं माणूस खुर्ची सोडत नाही आणि नव्यानं बाहेर बाकावर बसून राहायचं, अशी गत. त्यात बाकही आखूड होत चाललाय. २०२२ मध्ये ली एंटरप्रायझेस या मोठ्या वृत्तपत्र कंपनीनं आपल्या कितीतरी पेपरांतल्या चित्रमालिका कमी करून सगळीकडे ठरावीक तेवढ्याच ठेवल्या. माझा कौल बिल वॉटरसनच्या बाजूनं आहे. ‘कॅल्विन अँड हॉब्स’ भरात असताना, दहा वर्षांनी, ३१ डिसेंबर १९९५ ला त्यानं ती थांबवली, आणि खेळणी-टीशर्टवर आपली पात्रं विकू दिली नाहीत. सांगायचं होतं ते सांगून झालं की जागा मोकळी करावी. जुनी चित्रं पुन्हा छापायला माझी हरकत नाही, पण शेजारी एक चौकट नव्या हातासाठी राखून ठेवली असेल तरच.

आपल्याकडचा प्रश्न याच्या उलट आहे. आपल्या मराठी पेपरांत रोजची, वर्षानुवर्षं चाललेली चित्रमालिका म्हटलं की नाव चटकन एकच येतं. नवी मालिका सुरू होते, सहा महिन्यांत लोक म्हणतात ‘काही खास नाही’, आणि ती जाते. सहा महिन्यांत पात्रांची नावंसुद्धा नीट तोंडात बसत नाहीत. सलूनमधल्या माणसांना बगळ्या आपला वाटायला किती दिवाळ्या जाव्या लागल्या, ते मी पाहिलंय.

आणि आपण पत्र लिहीत नाही. रस्त्याबद्दल लिहितो, पाण्याबद्दल लिहितो, शुद्धलेखनाच्या चुका कळवतो. ताता जे बोलले ते सलूनच्या बाहेर गेलंच नाही. आम्ही सगळे हसलो, मान हलवली, आणि पंधरा पैशांचं पोस्टकार्ड कुणी लिहिलं नाही. मीही नाही. मला तेव्हा व्यवस्थित लिहिता येत होतं.

चिंटूच्या कर्त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी आपल्या ओळखीचं घर, आपल्या ओळखीची सोसायटी काढली आणि प्रेमानं काढली, म्हणून तर ती अशोक चौकापर्यंत पोचली. पण सोलापूरचं पोरगं सोलापूरच्याच हातानं काढायला हवं. घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारच्या दोस्ताकडे कन्नड, आणि खेळताना तिन्हींची मिसळ: ‘काय करलालास बे?’ या एका वाक्यावर पुण्यातला वाचक थबकेल, आणि थबकू दे. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं त्या पहाटे घरात जी धावपळ होते, त्यात चौकटींचा तुटवडा पडणार नाही. संक्रांतीची जत्रा, आमचा गड्डा आहे, त्यात उंच नंदीध्वज पेलणाऱ्या काकांचा रुबाब आहे, पाळण्यात बसायला घाबरणारा थोरला भाऊ आहे. मागाच्या खडखडाटात आईची हाक ऐकू आली नाही ही सबब फक्त आमच्याच गल्लीतलं पोरगं देऊ शकतं. कडक भाकरी दातानं मोडताना होणारा आवाज चित्रात कसा काढायचा, हे चित्रकारानं ठरवावं.

सोलापुरात निघणाऱ्या पेपरांच्या आणि सोलापूर आवृत्ती काढणाऱ्या सगळ्या संपादकांना माझी विनंती आहे. चित्रकला शिकणारी पोरं गावात आहेत. त्यातल्या एकाला रोज चार चौकटी द्या, त्याचे पैसे वेळेवर द्या, आणि दहा वर्षं त्याला हलवू नका. पहिलं वर्ष कच्चं जाईल. ‘पीनट्स’चंही गेलं होतं, सुरुवातीचा स्नूपी आजच्या स्नूपीसारखा दिसतसुद्धा नाही. आणि ग्रुपवरच्या माझ्या दोस्तांनो, आवडलं तर लिहा, खटकलं तर त्याहून लवकर लिहा, पण अंगठा दाखवून सोडून देऊ नका. स्पर्धा परीक्षेचे प्रश्न खाली छापा की. पोरगं आधी वर बघेल, मग खाली येईल.

हे सगळं परवा अण्णांना फोनवर वाचून दाखवलं. ते अजून त्याच सलूनमध्ये जातात; आता मुलगा दुकान चालवतो. अण्णा काही बोलले नाहीत, नुसतं ‘बघू’ म्हणाले. आज सकाळी त्यांचाच फोन आला. त्यांनी विषय तिथं काढला होता. तातांच्या नातवाचं म्हणणं, पोराचं नाव व्यंकटेश ठेवायचं, घरी व्यंक्या. खुर्चीतला गिऱ्हाईक फेस लावलेल्या तोंडानं म्हणाला, सिद्धाराम ठेवा, सोलापूरचं पोरगं हाय. अण्णांना दोन्ही पसंत नाहीत. उद्या पुन्हा जाणार आहेत.